घसरणारा क्लच

प्रास्ताविक

यंत्र बिघडले की आपण पटकन म्हणतो, ‘हे आता निकामी झाले.’ परंतु यंत्र नेमके कोठे बिघडले आणि का बिघडले, हा प्रश्न आपण विचारतोच असे नाही. गवत कापणाऱ्या एका जुन्या यंत्राच्या दुरुस्तीच्या निमित्ताने हा प्रश्न कसा विचारावा, ते या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना दुरुस्तीच्या पायऱ्यांचा क्रम आणि त्या क्रमामागील कारण यांकडे विशेष लक्ष द्या.

मैदानावरील अडचण

पावसाळ्याचे दिवस होते. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर आला होता आणि मी ज्या शाळेत शिकवत होतो, त्या शाळेच्या मैदानावर वीतभर गवत माजले होते. झेंडावंदन, कवायत, पाहुण्यांच्या खुर्च्या, सारे त्याच मैदानावर व्हायचे होते. शाळेत गवत कापण्याचे एक जुने यंत्र होते. माळीकाकांनी ते बाहेर काढले, दोरी ओढून इंजिन चालू केले आणि यंत्र गवतात घातले. इंजिनाचा आवाज चढत गेला, पण पाती फिरेनात आणि यंत्र पुढे सरकेना. थोड्याच वेळात काहीतरी करपल्यासारखा वास येऊ लागला.

एका कारागिराला बोलावले. त्याने यंत्र न उघडताच निदान केले, “क्लच गेला. याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. भंगारात घाला.” नव्या यंत्रासाठी पैसे मंजूर व्हायला निदान दोन महिने लागले असते. म्हणजे एवढे मोठे मैदान माळीकाकांनी एकट्याने विळ्याने कापायचे, असाच त्याचा अर्थ होता. माळीकाका साठीला टेकलेले होते. चौथीनंतर त्यांची शाळा सुटलेली. ते मला म्हणाले, “सर, उघडून तर बघू. घसरतोय म्हणजे गेलाय असं थोडंच आहे?”

त्यांच्या या एका वाक्यात पुढच्या दोन दिवसांचे सारे शिक्षण सामावलेले होते. मी भाषेचा शिक्षक. माझ्याकडे काम आले ते वहीत क्रम लिहून ठेवण्याचे.

हे यंत्र कसे चालते?

गवत कापण्याच्या यंत्राचा शोध इंग्लंडमध्ये लागला. ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड या गावाजवळ राहणाऱ्या एडविन बडिंग याने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू सारखे कापण्यासाठी तेथे गोल फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र वापरले जाई. कापडावरचे तंतू असे कापता येतात, तर जमिनीवरचे गवत का नाही, असा विचार बडिंगने केला. १८३२ सालापासून इप्सविच येथील रॅन्सम्स या कारखान्याने ही यंत्रे बनवायला सुरुवात केली. प्रारंभी ती माणसे ढकलत. पुढे मोठी यंत्रे घोडे ओढू लागले. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोलवर चालणारे इंजिन या यंत्रावर आले.

माणूस ढकलायचा थांबला की यंत्र थांबत असे. इंजिनाचे तसे नाही. ते एकदा चालू झाले की फिरतच राहते. वळण घेताना, वाटेत दगड आला असता किंवा कापलेल्या गवताची पेटी रिकामी करताना इंजिन चालू ठेवून पाती मात्र थांबवावी लागतात. यासाठी इंजिन आणि पाती यांच्यामध्ये हवा तेव्हा जुळणारा आणि हवा तेव्हा सुटणारा असा एक दुवा लागतो. हा दुवा म्हणजेच क्लच.

आमच्या यंत्रातील क्लच तबकड्यांचा होता. इंजिनाच्या दांड्याबरोबर फिरणारे लोखंडी पृष्ठभाग एका बाजूला आणि साखळीचक्राला जोडलेली, दोन्ही अंगांनी खरबरीत अस्तर लावलेली तबकडी दुसऱ्या बाजूला. स्प्रिंगा त्यांना एकमेकांवर दाबून धरतात. दोन तळहात घट्ट दाबून एक हात फिरवला की दुसराही त्याबरोबर वळतो, तसेच हे. येथे दात नाहीत, खिळे नाहीत. जे काही काम होते ते केवळ घर्षणाच्या बळावर होते.

घसरणे म्हणजे काय?

थोडे गणित केले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. क्लच किती जोर पुढे पोहोचवू शकतो हे चार गोष्टींवर ठरते. अस्तर किती पकड घेते, म्हणजेच त्याचा घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब, तबकडीची त्रिज्या, आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. या चारांचा गुणाकार केला की फिरवण्याचा जोर मिळतो. शास्त्रीय भाषेत त्याला बल-आघूर्ण म्हणतात.

समजा, स्प्रिंगांचा एकूण दाब ३०० न्यूटन आहे. हा साधारण ३० किलो वजनाच्या भाराइतका होतो. तबकडीची सरासरी त्रिज्या ५ सेंटिमीटर, म्हणजे ०.०५ मीटर आहे. घासणारे पृष्ठभाग दोन आहेत. कोरड्या अस्तराचा घर्षणांक ०.३५ धरू.

०.३५ × ३०० × ०.०५ × २ = १०.५ न्यूटन-मीटर.

अशा छोट्या इंजिनाचे आघूर्ण ५ न्यूटन-मीटर धरले, तर क्लचची क्षमता त्याच्या दुप्पट आहे. क्लच घसरण्याचे कारण नाही. आता त्याच अस्तरावर तेल पसरले आणि घर्षणांक ०.१ वर आला, असे समजा. गुणाकार येतो केवळ ३. इंजिन ५ देते आणि क्लच ३ पेलतो. उरलेला जोर तबकड्या एकमेकींवर नुसत्या घासण्यात आणि तापण्यात जातो. करपलेला वास येतो तो याच उष्णतेने.

या गणितातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. तबकडीची त्रिज्या आणि पृष्ठभागांची संख्या ही कारखान्यातच ठरलेली असते. बदलतात त्या दोनच गोष्टी, पकड आणि दाब. अस्तर झिजले, गुळगुळीत झाले किंवा तेलकट झाले तर पकड कमी होते. स्प्रिंगा थकल्या किंवा केबल चुकीची ओढली गेली तर दाब कमी होतो. आणि क्लच अगदी निरोगी असला, तरी पुढचा भार अवाजवी वाढला तर तो घसरतो. म्हणून कारणे तीन ठिकाणी शोधायची : पकड, दाब आणि भार.

हात लावण्यापूर्वी

माळीकाकांनी पहिल्यांदा पान्हा हाती घेतला नाही. त्यांनी इंजिन बंद केले, ते थंड होऊ दिले, पेट्रोलची तोटी बंद केली आणि स्पार्क प्लगवरची वायर काढून बाजूला बांधली. ही वायर काढल्याशिवाय अशा यंत्राच्या पात्यांजवळ हात नेऊ नये. पाती हाताने फिरवताना इंजिनही फिरते आणि ठिणगी पडली तर ते चालू होऊ शकते. इंजिन चालू झाले नाही तरी धोका असतोच. साखळी एका टोकाला ओढली की दुसऱ्या टोकाची पाती वळतात आणि बोट मध्ये सापडते. म्हणून त्यांनी पात्यांच्या मध्ये लाकडाचा एक ठोकळा अडकवला आणि पाती फिरवायची वेळ येई तेव्हाच तो काढला. हातात चामड्याचे मोजे घातले. “यंत्र परत मिळेल सर, बोट नाही मिळणार,” असे ते सहज बोलून गेले.

सोपे ते आधी

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला.’ पाणी वाहणारा रेडा आजारी आणि उपचार मात्र त्याच्या पाठीवरच्या पखालीवर! यंत्राच्या बाबतीत हे नेहमी घडते. दोष एकीकडे असतो आणि आपण भलताच भाग उघडून बसतो. ते टाळण्यासाठी जे उघडावे लागत नाही ते आधी तपासावे.

पहिली तपासणी केबलची. आमच्या यंत्रात मूठ दाबली की क्लच सुटत असे. अशा यंत्रात मूठ मोकळी असताना केबलमध्ये दोन-तीन मिलिमीटर ढिलाई असली पाहिजे. ती नसेल तर केबल क्लचला सतत थोडे ओढून धरते, स्प्रिंगांचा दाब पूर्ण पडत नाही आणि क्लच घसरतो. काही यंत्रांत याच्या उलट रचना असते. तेथे मूठ दाबल्यावर क्लच जुळतो. तेथे केबल ढिली पडली तर दाब कमी होतो. लक्षण एकच, पण एका यंत्रात केबल सैल करायची आणि दुसऱ्यात घट्ट. म्हणून मूठ दाबल्यावर आपल्या यंत्रात काय होते, हे आधी पाहावे. आमची केबल ठीक होती.

दुसरी तपासणी जोडांची. साखळीचक्र दांड्यावर पक्के राहावे म्हणून खाचेत पोलादाची एक छोटी चावी बसवलेली असते. ती तुटली तर दांडा फिरतो आणि चक्र जागेवर राहते. क्लच घसरल्यासारखेच ते दिसते. माळीकाकांनी दांडा आणि चक्र या दोहोंवरून खडूची एक सरळ रेघ ओढली. लोकांना दूर उभे करून आणि पात्यांतला ठोकळा काढून यंत्र क्षणभर चालवले, बंद केले, वायर पुन्हा काढली आणि पाहिले. रेघ अखंड होती. म्हणजे चावी शाबूत होती.

तिसरी तपासणी भाराची. या यंत्रात फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्याला जेमतेम स्पर्श करतात आणि कात्रीसारखे गवत कापतात. पाती हलकी फिरली पाहिजेत आणि मध्ये धरलेली कागदाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ कापली गेली पाहिजे. आमची पाती हाताने फिरवायलाही जोर लागत होता. मागच्या वर्षी धार लावल्यानंतर कोणीतरी ती फारच घट्ट बसवली होती. शिवाय दोन्ही टोकांना जुन्या गवताचे तंतू गुंडाळले जाऊन त्यांची दोरी झाली होती. म्हणजे वर्षभर क्लच गवताशी कमी आणि स्वतःच्याच पात्यांशी अधिक झगडत होता. माळीकाकांनी दोन्ही बाजूंचे पेच थोडे थोडे, सारखे सैल केले, तंतू कापून काढले आणि कागद लावून पाहिला. पाती बोटाच्या टिचकीने फिरू लागली.

यंत्र पुन्हा चालवले. आता ते पुढे सरकले, पण गवताच्या दाट पट्ट्यात पुन्हा घसरले. भार हे एक कारण होते, मात्र एकमेव नव्हते. आता क्लच उघडणे भाग होते.

क्लच उघडताना

यंत्र बाहेरून पुसून घेतले. जमिनीवर जुना पांढरा पंचा अंथरला. झाकणाचे बोल्ट एकेक करून पूर्ण न काढता, समोरासमोरचे बोल्ट अर्धा अर्धा वळसा सैल करत नेले. आत दाबलेल्या स्प्रिंगा असतात. एकच बाजू आधी सुटली तर झाकण तिरके होते किंवा स्प्रिंग उसळून डोळ्याला लागते. निघालेला प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडला. कोणती बाजू इंजिनाकडे होती, हे मी वहीत लिहीत होतो. आज मोबाइलवर छायाचित्रे काढता येतात. तरीही हाताने काढलेली आकृती उपयोगी पडते, कारण ती काढताना आपल्याला नीट पाहावे लागते.

आतली काळी धूळ पाहून मी फुंकर मारायला वाकलो, तर त्यांनी मला थांबवले. जुन्या क्लचच्या आणि ब्रेकच्या अस्तरांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असे. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोगासारखे गंभीर आजार होऊ शकतात. म्हणून अशी धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये, कोरडी झाडू नये. ती ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बंद करावे. तोंडावर चांगला मास्क असावा. जुने अस्तर कशाचे आहे हे ठाऊक नसेल, तर ते ॲस्बेस्टॉसचेच आहे असे समजून वागावे आणि ते काचकागदाने घासण्याच्या भानगडीत पडू नये.

तबकडी उजेडात धरली तेव्हा सारी कहाणी समोर आली. अस्तर पुष्कळ झिजले होते. ते बसवणाऱ्या रिव्हेटांची डोकी जवळजवळ पृष्ठभागाला येऊन टेकली होती. वरचा भाग आरशासारखा चकचकीत झाला होता. सतत घसरून तापल्यामुळे तो करपून गुळगुळीत झाला होता. एका बाजूला तेलाचा पट्टा होता. तबकडी सपाट आहे की वाकली, हे पाहण्यासाठी ती खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवली. ती सपाट होती. स्प्रिंगा काचेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. सगळ्या सारख्या उंचीच्या होत्या. एखादी आखूड निघाली असती, तर सर्वच बदलाव्या लागल्या असत्या.

मग तेल आले कोठून?

येथवर पोहोचलेला कारागीर बहुधा नवे अस्तर बसवून मोकळा होतो. माळीकाका मात्र तेलाच्या पट्ट्याकडे पाहत राहिले. क्लच कोरडा चालणारा आहे, तर तेल आले कोठून? इंजिनाचा दांडा जेथून बाहेर येतो तेथे तेल अडवणारी रबराची कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरली होती. तेल थेंबाथेंबाने झिरपून अस्तरापर्यंत पोहोचत होते. केवळ अस्तर बदलले असते तर काही आठवड्यांत नवे अस्तरही तेलकट झाले असते, आणि मग ‘जुने यंत्र ते जुनेच’ असे आपण म्हटले असते.

जुन्या सीलवर कोरलेली मापे वाचून, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी पाहून, त्याच मापाचे सील बाजारात मिळाले. ते या यंत्राचे खास नव्हते, पण मापाने बरोबर होते. अस्तरासाठी माळीकाका तबकडी घेऊन ब्रेकचे लायनिंग बसवणाऱ्या दुकानात गेले. तेथे जुने अस्तर काढून ॲस्बेस्टॉसविरहित नवे अस्तर रिव्हेटांनी बसवून मिळाले. ‘सुटे भाग मिळत नाहीत’ हे विधान म्हणजे ‘यंत्राच्या नावाने मिळत नाहीत’ एवढेच होते. मापाने आणि कामाने ते शेजारच्याच गल्लीत मिळाले.

पुन्हा जुळणी

लोखंडी पृष्ठभागावरचे तेल पुसून घेतले. पेट्रोलने पुसण्याचा मोह टाळला. पेट्रोलच्या वाफा लहानशा ठिणगीनेही पेट घेतात. ब्रेक स्वच्छ करण्यासाठी मिळणारे द्रावण मोकळ्या हवेत, विडीकाडीपासून दूर वापरले. तबकडी ज्या खाचांवर मागेपुढे सरकते त्या खाचा साफ केल्या. नव्या अस्तराला तेलकट हात लागू दिला नाही. वहीतला क्रम मी शेवटाकडून वाचत गेलो आणि ते भाग बसवत गेले. बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळले. शेवटी केबलची ढिलाई नव्याने जुळवली, कारण नवे अस्तर जाड असल्याने मुठीची जागा बदलते.

नवे अस्तर लगेच पूर्ण पकड घेत नाही. म्हणून आरंभी विरळ गवतात थोडा वेळ, मधूनमधून थांबत यंत्र चालवले. मग मैदान. तेथेही त्यांनी घाई केली नाही. सकाळचे ओले गवत जड असते, म्हणून दुपारपर्यंत थांबले. पहिल्या फेरीला पाती उंच ठेवून केवळ शेंडे कापले, दुसऱ्या फेरीला ती खाली घेतली. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी मैदान तयार होते.

समारोप

या दुरुस्तीत अवघड हत्यार एकही लागले नाही. खडू, कागदाची पट्टी, काचेचा तुकडा, पंचा, पान्हा आणि वही एवढ्यावर काम झाले. जे लागले ते म्हणजे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची सवय. यंत्र चालत नाही, का? क्लच घसरतो. का घसरतो? भार जास्त आहे आणि अस्तर तेलकट आहे. तेलकट का? सील चिरले आहे. जेथे या प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर पुढचा ‘का’ उरत नाही, तेथे दोषाचे मूळ असते.

चौथीनंतर शाळा सुटलेल्या माणसाने मला हे शिकवले. पुस्तकातील घर्षणाचा नियम त्यांना शब्दांत सांगता आला नसता, पण तो नियम त्यांच्या हाताला ठाऊक होता. आपण ज्यांच्याजवळ असे हाताचे ज्ञान आहे त्यांच्यापैकी असाल, तर पुस्तकातील नियम वाचताना संकोच करू नका. पुष्कळदा आपण आधीपासून जे जाणतो, त्याचेच नाव तेथे लिहिलेले असते.

स्वाध्याय

१. क्लच घसरण्याची कारणे कोणत्या तीन ठिकाणी शोधावीत? प्रत्येकाचे पाठातील एक उदाहरण द्या.

२. पाठातील गणितात स्प्रिंगांचा दाब ३०० ऐवजी १२० न्यूटन धरा. घर्षणांक ०.३५ असताना क्लच ५ न्यूटन-मीटरचे आघूर्ण पेलू शकेल का?

३. केवळ नवे अस्तर बसवून काम का भागले नसते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

४. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीचा अर्थ सांगून तुमच्या अनुभवातील एक प्रसंग लिहा.

५. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणची बिघडलेली एखादी वस्तू घ्या. ती न उघडता कोणत्या तपासण्या करता येतील, त्यांची क्रमवार यादी करा.